प्रादेशिक अभिलेखपाल संघटना: उपक्रम आणि नेतृत्वाच्या संधींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय संघटना असताना प्रादेशिक संघटना हवी कशाला?

राष्ट्रीय संघटना लांब असते. तिची परिषद खर्चिक असते आणि तिथे मोठ्या संस्थांचा आवाज मोठा असतो. छोट्या संस्थेत काम करणाऱ्याला तिथवर पोचणं जमतंच असं नाही. अमेरिकेत सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्स ही राष्ट्रीय संघटना १९३६ पासून आहे. तरीही मिशिगनमधल्या अभिलेखपालांनी (जुनी कागदपत्रं आणि नोंदी जपणाऱ्यांनी) १९५८ मध्ये, जॉर्जियातल्यांनी १९६९ मध्ये आणि कॅलिफोर्नियातल्यांनी १९७१ मध्ये आपापल्या संघटना काढल्या. १९७२ या एकाच वर्षात मिड-अटलांटिक, मिडवेस्ट आणि साउथवेस्ट अशा तीन प्रदेशांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडची. वरची संघटना जोरात असतानाच खालच्या संघटना निघाल्या, म्हणजे गरज वेगळी होती.

‘प्रदेश’ कधी कधी खूप मोठाही असतो. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्ज या अभिलेखागारांच्या जागतिक संघटनेच्या प्रादेशिक शाखा पाहा: आग्नेय आशियाची ‘सार्बिका’ (१९६८), पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेची ‘एसार्बिका’ (१९६९), दक्षिण आणि पश्चिम आशियाची ‘स्वार्बिका’ (१९७६), पॅसिफिक बेटांची ‘पार्बिका’ (१९८१). तिथे प्रामुख्याने राष्ट्रीय अभिलेखागारं आणि संस्था एकत्र येतात. खालची बहुतेक उत्तरं मात्र व्यक्तिगत सदस्यत्वावर चालणाऱ्या, वर्गणीवर जगणाऱ्या लहान-मध्यम संघटनांबद्दल आहेत.

माझ्या पदाच्या नावात ‘अभिलेखपाल’ हा शब्द नाही. मला सदस्य होता येईल का?

बहुधा होय. पोटनियम एकदा वाचा, पण बहुतेक संघटना पदनाम बघत नाहीत. विद्यापीठाचं ग्रंथालय, रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग, वर्तमानपत्राचं कात्रण-दालन, कंपनीचं जुनं दप्तर, धर्मसंस्थेची कागदपत्रं यांपैकी काहीही सांभाळत असाल तर तुमचे प्रश्न आणि इतर सदस्यांचे प्रश्न सारखेच असतात. विद्यार्थी, निवृत्त आणि बेरोजगार सदस्यांसाठी वर्गणी अनेकदा कमी असते. ती सवलत मागायला संकोच करू नका. ती तुमच्यासाठीच ठेवलेली असते.

आमच्या संस्थेत हे काम मी एकटीच करते. परिषदेला गेले तर दालनाला कुलूप लागतं. मग उपयोग काय?

माझ्या मते संघटनेचा सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच आहे. मोठ्या अभिलेखागारात शंका आली तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. तुमच्याकडे शेजारचं टेबलच नाही. दान आलेल्या संग्रहात तिसऱ्याच माणसाची खासगी पत्रं सापडली, ती वाचकांना द्यायची का? वारसांपैकी एकाने करारावर सही केली आणि दुसरा कागद परत मागतोय, काय करायचं? अशा वेळी आधी या प्रसंगातून गेलेल्या माणसाला फोन करता आला पाहिजे. तो फोन नंबर संघटनेतून मिळतो.

दालन बंद ठेवायची अडचण खरी आहे. म्हणूनच एकट्याने काम करणाऱ्यांसाठी वेगळा गट, दुपारच्या वेळचं तासाभराचं ऑनलाइन सत्र, अर्ध्या दिवसाची जवळपासची कार्यशाळा असे प्रकार सुरू झाले. तुमच्या संघटनेत ते नसतील तर तसा प्रस्ताव मांडणं हेच तुमचं पहिलं नेतृत्वाचं काम ठरू शकतं.

वार्षिक परिषदेत नेमकं काय चालतं?

निबंधवाचन, चर्चासत्रं, पोस्टर, साहित्य विकणाऱ्या कंपन्यांची टेबलं, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि यजमान शहरातल्या अभिलेखागारांच्या फेऱ्या. काही संघटना वर्षातून एकदा भेटतात, काही दोनदा. मिड-अटलांटिकची वसंत आणि शरद अशा दोन बैठकांची परंपरा आहे.

यांपैकी फेऱ्यांना लोक सहल समजतात आणि टाळतात. तसं करू नका. दुसऱ्याच्या साठवणखोलीत पाऊल टाकल्यावर पंधरा मिनिटांत जे कळतं ते तीन निबंधांत कळत नाही. नकाशे कपाटात आडवे ठेवलेत की नळकांडीत गुंडाळलेत, सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किती वर आहे, आर्द्रतामापक कुठे टांगलाय, पाण्याचा पाइप नेमका कोणत्या रॅकवरून गेलाय. असले प्रश्न तिथे निःसंकोच विचारता येतात, आणि यजमानही मोकळेपणाने सांगतात.

सर्वसाधारण सभा कंटाळवाणी असते, हे मान्य. पण वर्गणी, हिशेब आणि घटनादुरुस्ती तिथेच ठरते, आणि गणपूर्तीअभावी सभा अडकणं हा अनेक संघटनांचा जुना आजार आहे. निदान मतदान होईपर्यंत बसा.

परिषदेसाठी सत्राचा प्रस्ताव पाठवायचा आहे. निवड कशी होते?

कार्यक्रम समिती परिषदेच्या कित्येक महिने आधी प्रस्ताव मागवते, वाचते, क्रम लावते आणि वेळापत्रकात बसवते. समितीतले लोक आपापली नोकरी सांभाळून संध्याकाळी हे वाचत असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन ओळींत मुद्दा आला नाही तर तुमचा प्रस्ताव मागे पडतो. ऐकणारा माणूस सोमवारी कामावर परत गेल्यावर काय वेगळं करू शकेल, ते आधी लिहा. संस्थेचा इतिहास नंतर.

एकाच संस्थेतले चार वक्ते आणि त्यांचा एकच प्रकल्प असा प्रस्ताव सहसा नाकारला जातो, आणि माझ्या मते तो नाकारलाच पाहिजे. मोठ्या विद्यापीठाचा, छोट्या संग्रहालयाचा आणि सरकारी खात्याचा असे तीन अनुभव एका विषयावर आले तर सत्र जिवंत होतं. फसलेल्या प्रकल्पावर बोलायची तयारी असेल तर जरूर कळवा. डिजिटायझेशन अर्धवट का राहिलं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी नेताना काय हरवलं, हे ऐकायला लोक उभे राहतात.

नाकारलेल्या प्रस्तावाची कारणं विचारायला हरकत नसते. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की त्याच विषयावर आणखी पाच प्रस्ताव आले होते.

कार्यशाळांमध्ये काय शिकवतात?

मांडणी आणि वर्णन, आंतरराष्ट्रीय वर्णनमानकं, स्वामित्वहक्क, खासगीपणा, मौखिक इतिहासाची मुलाखत, डिजिटल जतन. विषय ओळखीचे वाटतील, पण चांगली कार्यशाळा हातांनी शिकवते. अ‍ॅसिटेट फिल्मचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो आणि तो वास म्हणजे फिल्म कुजायला लागली आहे, हे वाचून माहीत असतं. पण तो वास एकदा नाकाने घेतलेला माणूस पुढे कधी चुकत नाही. निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होत जाणारी चाचणीपट्टी डब्यात ठेवून कोणती रिळं आधी थंड जागेत हलवायची ते ठरवता येतं. डिजिटल बाजूला चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळख-आकडा) कसा काढायचा आणि वर्षभराने पुन्हा तपासून फाइल बदलली नाही हे कसं सिद्ध करायचं, हे स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघितलं की त्यातली भीती जाते.

महागडी उपकरणं प्रत्येक संस्थेने घेण्याची गरज नाही. संघटनेने एक संच घेऊन तो सदस्यांमध्ये फिरता ठेवला तर छोट्यांचं काम भागतं. त्यासाठी एकाने यादी ठेवायची आणि पाठपुरावा करायचा; हीसुद्धा जबाबदारीची जागा आहे.

आपत्तीच्या वेळी संघटना खरोखर काही करू शकते?

करू शकते, पण आधी तयारी असेल तरच. कागद भिजला की साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. गुळगुळीत लेपाचा कागद वाळताना एकमेकांना असा चिकटतो की नंतर सुटत नाही. गोठवलं तर वेळ मिळतो. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत शीतगृह, ट्रक, खोकी आणि काम जाणणारे हात लागतात, आणि ते कुठे मिळतील हे पाणी शिरल्यावर शोधायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

३ मार्च २००९ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली. शेजारीच भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. लगतच्या घरातल्या दोघांचा मृत्यू झाला आणि फळ्यांच्या लांबीने मोजलं तर सुमारे ३० किलोमीटर कागदपत्रं ढिगाऱ्यात गेली. त्यानंतरच्या काळात देशातून आणि परदेशातून अभिलेखपाल, संवर्धक आणि साधे स्वयंसेवक तिथे पोचले. ढिगाऱ्यातून बहुतांश कागद निघाले, पण फाटलेले, चिखलाने माखलेले आणि एकमेकांत मिसळलेले. ते ठेवायला दूरदूरच्या अभिलेखागारांनी आपल्या फळ्या दिल्या. शहराच्या नव्या इमारतीचं दार उघडायला २०२१ उजाडलं.

एवढी मोठी घटना क्वचितच घडते. फुटलेला पाइप मात्र नेहमीचा. प्रादेशिक संघटनेने करायची कामं साधी आहेत: कोणाकडे कोणतं साहित्य आहे याची यादी, जवळच्या शीतगृहांशी आधीच बोलणी, एकमेकांना मदत करण्याचा लेखी करार आणि रात्री अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर. सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्स दरवर्षी १ मे रोजी आपल्या सदस्यांना आपत्तीच्या तयारीचं निदान एक काम त्या दिवशी करायला सांगते. ही कल्पना उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

संघटना सार्वजनिक प्रश्नांवर भूमिका घेते का? घेतली तर कोण ऐकतं?

इथे क्यूबेकचं उदाहरण द्यायलाच हवं. कॅनडाच्या या एका प्रांतातल्या अभिलेखपालांच्या संघटनेने २००६ मध्ये अभिलेखांबद्दलचा एक छोटा जाहीरनामा काढला: अभिलेख कशासाठी असतात, ते जपायची जबाबदारी कोणाची, आणि ते लोकांना का खुले हवेत. त्याच धाग्यावर इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जने जागतिक जाहीरनामा तयार केला. तो २०१० मध्ये ओस्लोला मंजूर झाला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने स्वीकारला. आज कोणत्याही देशातला अभिलेखपाल आपल्या सरकारसमोर तो मजकूर ठेवू शकतो. त्याचं मूळ एका प्रांतिक संघटनेत आहे.

रोजच्या पातळीवर भूमिका लहान असतात: एखाद्या अभिलेखागाराची वाचनवेळ कमी झाली, माहिती अधिकाराच्या कायद्यात बदल सुचवला गेला, दप्तर नष्ट करण्याचा आदेश निघाला. संघटनेचं पत्र गेलं की निर्णय फिरतोच असं नाही, पण आक्षेप नोंदला जातो. सरकारी नोकरीतल्या सदस्याला स्वतःच्या नावाने लिहिता येत नाही. संघटनेच्या नावाने दुसरं कोणी लिहू शकतं. आपल्याच व्यवसायातल्या अन्यायावर बोलणं अधिक अवघड असतं. वेतनाचा आकडा नसलेली नोकरीची जाहिरात किंवा बिनपगारी प्रशिक्षणार्थीची जागा प्रसिद्ध करायची नाही, असा नियम काही संघटनांनी केला. त्यामुळे काही संस्था नाराज झाल्या तरी तो नियम योग्यच आहे.

९ जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन. १९४८ मध्ये याच तारखेला इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जची स्थापना झाली. प्रदर्शन, खुलं दालन, शाळांच्या भेटी यांसाठी निमित्त म्हणून तो बरा पडतो.

मला नेतृत्वात यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ज्या कामाला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत असं एक काम मागून घ्या. ‘मला काहीतरी करायला आवडेल’ असं पदाधिकाऱ्याला सांगितलं तर तो आनंदाने मान हलवतो आणि विसरतो. त्याच्यापुढे पन्नास गोष्टी असतात. ‘पुढच्या परिषदेची नावनोंदणी मी बघते’ किंवा ‘न्यूजलेटरमधलं नव्या संग्रहांचं सदर वर्षभर मी सांभाळतो’ असं म्हटलं तर नाव लगेच कागदावर येतं. ते काम वेळेत पुरं केलंत की दुसरं काम तुमच्याकडे चालत येतं. भाषण उत्तम करणारे पुष्कळ भेटतात. कबूल केलेल्या तारखेला पूर्ण झालेली यादी पाठवणारे थोडे असतात, आणि कार्यकारिणी त्यांनाच शोधत असते.

कोणती समिती निवडावी?

लोक ओळखीचे करून घ्यायचे असतील तर कार्यक्रम समिती. प्रदेशात कोण कशावर काम करतंय याचा नकाशा तिथे वर्षभरात डोक्यात तयार होतो. परिषदेची स्थानिक व्यवस्था पाहणारी समिती कष्टाची, पण मुदतीची असते. परिषद संपली की सुटका. संपादनाची आवड असेल तर न्यूजलेटर. काही संघटना संशोधन नियतकालिकही चालवतात आणि तिथे परीक्षक व्हायला नवखे सदस्य चालतात. शिष्यवृत्ती आणि पुरस्कार समितीचं काम थोडं असतं, पण गुप्तता कडक पाळावी लागते.

मिड-अटलांटिक संघटनेची एक पद्धत मला आवडते. तिच्या क्षेत्रात सात राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. येतात, आणि प्रत्येकाचा वेगळा गट आपला प्रतिनिधी निवडून पाठवतो. आपल्या राज्यातल्या लोकांचं ऐकून वरच्या बैठकीत मांडायचं, एवढंच त्याचं काम. अध्यक्षपदाच्या ओझ्याशिवाय कार्यकारिणी आतून बघायला मिळते.

पदाधिकारी काय काय करतात?

चिटणीस इतिवृत्त लिहितो आणि पत्रव्यवहार सांभाळतो. सल्लागार किंवा कार्यकारिणी सदस्य समित्यांवर देखरेख ठेवतात.

खजिनदाराबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळे ज्या पदापासून पळतात ते हेच. वर्गणी जमा करणं आणि हिशेब मांडणं हा त्यातला सोपा भाग. खरी जोखीम परिषदेच्या करारात असते. हॉटेलशी खोल्यांचा कोटा ठरतो. तेवढ्या खोल्या भरल्या नाहीत तर फरकाचे पैसे संघटनेच्या माथी येतात, आणि राखीव निधी आधीच तुटपुंजा असला तर एका फसलेल्या परिषदेत तो साफ होऊ शकतो. म्हणून करारातल्या रद्द करण्याच्या अटी अध्यक्षाने नाही वाचल्या तरी खजिनदाराने वाचाव्याच लागतात. खात्यावर दोन सह्या, वर्षाला बाहेरच्या माणसाकडून तपासणी आणि दर बैठकीला साध्या भाषेत एक पानाचा अहवाल, एवढं शिस्तीत झालं तर बाकीच्यांना नव्या कल्पना मांडायची मोकळीक मिळते. दोन वर्षं खजिनदारी केलेल्या माणसाला पुढे संस्थेत विभाग चालवायला सांगितलं तर अंदाजपत्रक बघून घाम फुटत नाही. बायोडाटात ही ओळ अध्यक्षपदाच्या ओळीइतकीच ठळक लिहा.

अध्यक्षपद बऱ्याच संघटनांमध्ये पायऱ्यांनी येतं: आधी नियोजित अध्यक्ष म्हणून उपाध्यक्ष, मग अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीवर. म्हणजे निवडणूक एकदा आणि बांधिलकी तीन टप्प्यांची. हे उमेदवारी स्वीकारताना लक्षात घ्या.

निवडणूक कशी होते? माझं नाव कोणी सुचवलं नाही तर?

नामांकन समिती उमेदवार शोधते आणि मतदान आता बहुतांशी ऑनलाइन होतं. स्वतःचं नाव स्वतः सुचवायला बहुतेक ठिकाणी मुभा असते आणि त्यात कमीपणा नाही. नामांकन समितीला नेहमीच्याच ओळखीच्या चेहऱ्यांबाहेरची नावं हवी असतात, पण ती सापडत नाहीत. एका जागेला एकच उमेदवार उभा राहतो तेव्हा बरेचदा दोष सदस्यांच्या भिडेचा असतो.

हरलात तर? हरलेल्या उमेदवाराला पुढच्या वर्षी समितीसाठी हमखास विचारतात. निवेदनात तुम्ही काय लिहिलं होतं ते लोकांच्या लक्षात राहतं.

वेळ किती जातो? कार्यालय परवानगी देईल का?

समिती सदस्याला वर्षातले काही आठवडे गडबडीचे, बाकीचे शांत. पदाधिकाऱ्याचं काम मात्र दर आठवड्याला असतं. उमेदवारीच्या आधी वरिष्ठांशी बोला आणि होकार लेखी घ्या: कामाच्या वेळेत किती तास चालतील, परिषदेचा प्रवासखर्च कोण देणार, कार्यालयाचा ईमेल वापरायचा की नाही. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. संघटनेचा पत्रव्यवहार तुमच्या संस्थेच्या ईमेलवर साठला तर नोकरी बदलल्यावर तो तिकडेच राहतो.

मी अजून शिकतोय. मला कोण विचारणार?

विद्यार्थ्यांसाठी प्रवासवृत्ती, पोस्टर सत्र आणि मार्गदर्शक-जोड्या असतात. जोडी लागली तर पहिल्या भेटीत नोकरीची चर्चा काढू नका. तुमचा एखादा वर्णनसूचीचा (संग्रहात काय आहे ते सांगणाऱ्या यादीचा) नमुना दाखवा आणि त्यावर लाल पेन चालवायला सांगा. त्यातून मार्गदर्शकाला तुमचं काम कळतं, आणि नोकरीसाठी शिफारस करायची वेळ आली की बोलायला त्याच्याकडे काहीतरी असतं. काही कार्यकारिणींवर नवोदितांसाठी राखीव जागा असते. ती रिकामी राहू देऊ नका.

पदावर असताना माझ्या संस्थेचा फायदा झाला तर गैर आहे का?

प्रतिष्ठा मिळाली तर नाही. पण संघटनेच्या बैठकीत कळलेल्या माहितीवरून एखादा संग्रह आपल्या संस्थेकडे वळवणं, किंवा प्रायोजक कंपनीकडूनच आपल्या कार्यालयाची खरेदी करणं, हे गैर आहे. १९९६ मध्ये बीजिंगला मंजूर झालेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत पदाचा अयोग्य लाभ घेऊ नये असं आहेच. शंका आली तर बैठकीत सांगून टाका, मतदानातून बाजूला व्हा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.

संघटनेचं स्वतःचं दप्तर कुठे असतं?

इथे पुष्कळदा दिव्याखाली अंधार असतो. दुसऱ्यांचे कागद जपणाऱ्यांची स्वतःची जुनी इतिवृत्तं कोणा माजी अध्यक्षाच्या माळ्यावर आणि सदस्ययादी कोणाच्या तरी खासगी ड्राइव्हवर. उपाय अवघड नाही. एखाद्या अभिलेखागाराशी ठेव-करार करायचा, काय कायम ठेवायचं आणि काय किती वर्षांनी काढून टाकायचं याचं वेळापत्रक करायचं, आणि ते पाळून घेणारा एक संघटना-अभिलेखपाल नेमायचा. सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्सचं दप्तर विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि अभ्यासक ते वापरतात. संघटनेत ही जागा रिकामी असेल तर मागून घ्या. तुमचं रोजचंच कौशल्य लागतं आणि स्पर्धा जवळजवळ नसते.

मुदत संपताना काय करायचं?

पासवर्ड, बँकेच्या सह्या, चालू करार, अर्धवट पत्रव्यवहार आणि वर्षाचं कॅलेंडर नव्या माणसाच्या हाती द्या, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या फोनला उत्तर द्या. त्यानंतर विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका.

एका वेळी दोन प्रादेशिक संघटनांचं सदस्य राहता येतं का?

हो. सीमेवर राहणारे, नोकरीसाठी बदललेले, जुन्या मित्रांसाठी वर्गणी भरत राहणारे असे बरेच जण राहतात. पद मात्र एका वेळी एकाच ठिकाणी घ्या.